वसंताच्या लेखात नसलेली हाक

पोलादपूर, बुधवार, मार्गशीर्ष १९७९

गेल्या महिन्यात मी आणि धाकटा भाऊ वसंता आंबेनळीच्या रानात वाट चुकलो, रात्र तिथेच काढली. त्यावर त्याने शाळेच्या वार्षिकासाठी लेख लिहिलाय. आज वाचून दाखवला. पानोपानी वनवासातले राजपुत्र, संतांचे अभंग. बिबट्या दिसला तिथे तर संस्कृत श्लोक. हा श्लोक आला कधी? लिहिताना? बिबट्या दिसल्यापासून उजाडेपर्यंत हा नुसतं "आये गो, आये गो" करत होता.

ते कुठे गेलं, मी विचारलं.

"ते काय वाङ्मय आहे, ताई?"

आई चुलीपाशी ऐकत होती. म्हणाली, "मला हाक मारलीस, तेवढं वाच रे."

 कागदावर नजर ठेवून वसंताने ते वाचलं, कागदावर नसलेलं.