काच पुसू नकोस

अगं,

पुतणीच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नाही. ‘काका, बाबांचे दोन्ही सकर मासे बरे आहेत ना?’ एवढंच तिनं विचारलं होतं. एक तर त्याच आठवड्यात मेला होता. दादा गेल्यावर त्याची माशांची टाकी मीच मागून आणलेली, त्यामुळे काय लिहावं ते सुचेना.

सकर काचेवरचं शेवाळ खातो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरीही दादाची टाकी घाण दिसू नये म्हणून काच रोज घासून लख्ख ठेवली. आज दुकानदार म्हणाला, “काका, तुम्ही त्याचं ताटच धुऊन ठेवलंत, मग तो खाणार काय?”

तू म्हणाली होतीस, “तसाच दुसरा आणून सोडा, तिला काय कळतंय!” गेलो होतो त्यासाठीच. दुकानदारानं पिशवीत बांधूनही दिला. पण तो इतका हुबेहूब दिसत होता की मला तो घरी आणवेना. परत केला.

राहिलेल्यासाठी काकडीची चकती दगडाला बांधून तळाशी सोडली आहे. संध्याकाळी ती काढ, नाहीतर पाणी नासेल. काचेला मात्र हात लावू नकोस.

तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. टाकीसमोर बसवत नाही, जरा बागेत जातो. पुतणीला खरं काय ते लिहिलं आणि पत्र टाकून आलो. आत पडल्याबरोबर ते परत काढावंसं वाटलं, पण पेटीची फट फार अरुंद होती.