भट्टीत वाळलेलं शिसव

आप्पा, तुम्ही असता तर आधी त्या लोखंडी दारावर टिचकी मारली असती आणि विचारलं असतं, "काय गं मॅट्रिक, ह्यात लाकूड वाळवून राहिले का भात शिजवून?" मॅट्रिक झालेल्या सुनेला सासऱ्यानं असं चिडवावं, हे माझ्या माहेरी, बिलोलीकडं, कुणाला पटलं नसतं. तुमच्या नातवानं नांदेडहून एक वापरलेली व्हॅक्यूम भट्टी आणून वखारीत बसवली आहे. कडुनिंबाखाली, जिथं तुमच्या फळ्यांच्या थप्प्या असायच्या, तिथंच. पहिलंच काम आलं ते देवाचं. जळकोटकडच्या एका गावात महादेवाच्या देवळासमोरचं जुनं शिसव वाऱ्यानं पडलं. गावकरी म्हणाले, देवळाचं दार ह्याच झाडाचं पाहिजे, आणि शिवरात्रीच्या आत पाहिजे. झाड एकच, आप्पा. फळ्या तडकल्या तर दुसरं आणायचं कुठून?

मी पोराला म्हटलं, "आप्पांनी एवढं जाड शिसव दोन पावसाळे सावलीत ठेवलं असतं." तो म्हणाला, "मग दोन पावसाळे देवाला बिनदाराचं बसवायचं का?" मग त्यानं समजावलं, "आई, हे कुकरच्या उलटं समज. कुकरात वाफ कोंडते, म्हणून पाणी लई तापतं. इथं आतली हवाच ओढून घेतो, म्हणून थोड्या उबेवरही पाणी लाकडातून निघून जातं. वाफेच्या भट्टीसारखं लाकडाला आठवडेच्या आठवडे शेकत बसावं लागत न्हाई." मला कुकर कळला, बाकीचं मी महादेवावर सोडलं. लिंगपूजेला बसले तरी डोळ्यांपुढं त्या फळ्याच येत होत्या.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. माहेर तेलंगणाच्या शिवेवरचं, म्हणून माझ्या बोलण्यात तेलुगू शब्द यायचे आणि घरातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मी गप्प गप्प राहायला लागले. ते तुमच्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही. एका दुपारी तुम्ही हाक मारलीत, "ए मॅट्रिक, घरात बसून काय करून राहिलीस? ये, थप्पी उलटायची हाय." खालच्या फळ्या वर, वरच्या खाली, मधे पातळ पट्ट्या, म्हणजे वारं खेळतं, टोकांना शेणाचा लेप, म्हणजे ती आधी वाळून फाटत नाहीत. काम करता करता तुम्ही विचारलंत, "पाण्याला काय म्हणता गं तुम्ही?" मी लाजत म्हटलं, "नीळ्ळु." त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक फळीपुढं उभं राहून विचारायचात, "काय बाई, नीळ्ळु गेलं का न्हाई अजून?" आणि मी हसायची. त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले ते तुमच्या थप्पीपाशी.

रागावलातही. चैत्रात मी कुरडया घातल्या होत्या. तुमचं काम लवकर होईल म्हणून शेजारच्या खाटेवर चार ओल्या फळ्याही उन्हात मांडल्या. संध्याकाळी त्यांना चिरा. तुम्ही बघितलंत आणि ओरडलात, "अगं, ही काय कुरडई हाय? वरचं वाळून आवळतं, आतलं ओलंच राहतं. दोघांचं जमलं न्हाई की फाटतं!" मी रडकुंडीला आलेली बघून आवाज उतरवलात आणि एक फळी माझ्या गालाला लावलीत. "गार लागते ना? आत पाणी हाय. गालाला इचारत जा, उन्हाला न्हाई." पुढं वखारीचा हिशेबही माझ्याकडं दिलात, पण मला जास्त मोलाचं वाटलं ते हे गालाचं शिकवणं.

भट्टी उघडली त्या दिवशी मी पदर खोचून पुढं झाले आणि पहिल्याच फळीला गाल लावला. फळी गरम. पोरगं हसायला लागलं, "आई, आत्ता तर बाहेर निघालीय, गार कशी लागंल?" मग फळ्या निवेपर्यंत मी ओट्यावर बसून जप केला. त्यानं एक फळी मधोमध कापली, मशीन लावून वरचं आणि आतलं पाणी मोजलं. दोन्ही सारखंच. कापल्या अंगाला मी गाल लावला. कोरडं. एका फळीला केसाएवढी चीर नाही, आप्पा. तिथंच हात जोडले. पोरानं विचारलं, "आप्पांना पटलं असतं का गं?" म्हटलं, "हाव. त्यांनी गावभर पेढे वाटले असते." ते खोटं नाही. तुम्हाला लाकडाची काळजी होती, पद्धतीचा हट्ट नव्हता.

दार आता देवळाला लागलं आहे. सगळं चांगलं झालं. तरी घरी येताना मनात आलं, तेव्हा तुमच्याकडं अशी भट्टी असती तर बरं झालं नसतं. लाकूड पटकन वाळलं असतं, आणि तुम्ही मला कशाला हाक मारली असती?

हे पत्र टाकायचं कुठं? पाकिटाचा खर्च तेवढा वाचला. एक मात्र सांगते. शिसवाच्या उरलेल्या दोन फळ्या मी भट्टीत घालू दिल्या नाहीत. पोराला सांगितलं, सावलीत वाळू दे, पाट करायचेत. घरात पाट भरपूर आहेत. मी दुपारी जाऊन त्या फळ्या उलटते, आणि आजूबाजूला कुणी नसलं की त्यांना नीळ्ळुचं विचारते.