ह्यांच्या कॉम्प्युटरचा आवाज

९ ऑक्टोबर २०२५, देवास
नेहाचा पुण्याहून फोन. "आई, मंगळवारनंतर विंडोज दहाला अपडेट येणार नाहीत. बाबांची बँक त्यावरच आहे. अकरा टाकून घे."
टाकून घे म्हणे! काचबिंदूनं ह्यांची नजर गेली, तेव्हापासून तो कॉम्प्युटरच ह्यांना सगळं वाचून दाखवतो — पेपर, मेल, पेन्शनची स्लिप. तो आवाज बंद पडला तर?

११ ऑक्टोबर
दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणाला, "आंटीजी, अपग्रेड अटक गया तो फॉरमॅट मारना पड़ेगा. बोलने वाले सॉफ्टवेअर की गारंटी नहीं." नेहाला कळवलं; भाऊबीजेला भावालाही विचारीन म्हटलं. ह्यांना काही बोलले नाही. उगीच जिवाला घोर.

१४ ऑक्टोबर
आज ती तारीख. कॉम्प्युटर चालूच आहे. मग कशाला हात लावायचा?

१७ ऑक्टोबर
स्क्रीनवर परत तीच सूचना — अपडेट बंद, अकरा टाका. ह्यांच्या बोटांना सगळी बटणं पाठ. नव्यात काही बदललं तर — पुन्हा पहिल्यापासून, ह्या वयात? शिकताना एकदा ह्यांनी कीबोर्ड भिरकावला होता. जेवले नव्हते त्या दिवशी.
चकल्या तळताना हेच डोक्यात. एक घाणा करपला.

२३ ऑक्टोबर, धार
भाऊबीज. ओवाळून झाल्यावर भैयासाहेबांना विचारलं. "नवीनच घे मालन, झंझट संपेल." वहिनी म्हणाली, "चालतंय ना? राहू दे."
घरी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेजच. जेवणात लक्ष लागेना.

२४ ऑक्टोबर, देवास
दार उघडलं तर आतून अनोळखी बाईचा आवाज, भरभर बोलणारा. हे टेबलाशी.
"अकरा टाकलं," म्हणाले. "नेहा फोनवर होती. बटणं मीच दाबली. आवाज नवा निवडला."
"आणि बिघडलं असतं तर?"
"तर बिघडलं असतं. नेहानं सांगितलं मला. दुकानात विचारलंस, भावाला विचारणार होतीस. मला कधी विचारणार होतीस?"
मी चहा टाकायला आत गेले. राग होता की दुसरं काही, कळेना.

२७ ऑक्टोबर
सकाळी म्हणाले, "नेहाकडे जाऊन येतो. आत्ताच कॉम्प्युटरवर तिकीट काढलं."
"दोघांचं?"
"एकाचं."