पंखा लावून भरलेली उशी

चि. चिमणीस,

मामाचे उशीभर आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, म्हणजे मामीची पाठ आणि मामीचा राग दोन्ही जागच्या जागी आहेत. तुझा खोकला कसा आहे? ("बरा आहे" असं लिहू नकोस. फोनवरही तू ते खोकत खोकतच सांगतेस.)

पत्रास कारण, तू तुमच्या कारखान्यातून आणून दिलेली उशी. दुपारची झोप ही माझी जन्माची एकुलती एक कमाई, हे तू जाणतेस. त्या उशीवर डोकं टेकलं की मी ढगात. पण गेल्या खेपेला तू बोलून गेलीस, की उशा भरायच्या खोलीत पंखा लावू देत नाहीत, कापूस उडतो, माल वाया जातो. तेव्हापासून माझ्या झोपेचं खोबरं झालंय. डोळा लागतो न लागतो तोच मी त्या खोलीत. सगळीकडे पांढरं, मऊ, सावकाश खाली येणारं. भरणाऱ्या पोरींचे केस पांढरे, पापण्या पांढऱ्या. यातली आमची कोणती, म्हणून मी शोधत फिरतो. मग एकजण खोकते आणि मी ओळखतो. फार वाईट वाटतं गं.

म्हणून मीही पंखा बंद करून झोपू लागलो. (मामीने येऊन लावला. मी बंद केला. तिने पुन्हा लावला आणि बटणापाशी खुर्ची टाकून बसली.) मग उशीला पलंगावर ठेवून मी जमिनीवर झोपलो, तर मान आखडली. शेवटी वाकड्या मानेनेच बाजारात गेलो आणि विचारलं, पंखा लावून भरलेली उशी आहे का? आत कुणी खोकतंय का, म्हणून दोन-चार उशा कानाला लावूनही पाहिल्या. दुकानदाराने घाईघाईने स्टूल पुढे केलं. मी त्याला सगळं समजावलं. तो उशी थोपटत म्हणाला, "काका, पंखा लावला तर या भावात नाही परवडायची." कुणाला, हे विचारणार होतो, पण मान त्याच्याकडे वळेना.

तुझा वाकडा
मामा

ता. क. खरं तर एवढंच लिहायचं होतं: सुट्टी काढून ये. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

आणखी एक ता. क. मामी म्हणते, झोप उडालेला माणूस दुपारभर घोरत नाही. वेळही तिनेच घेतली, मी घोरत असताना. पलंग पंख्याखाली ओढून ठेवलाय. उशी मात्र तुला द्यायची नाही म्हणते. तू तिच्या मांडीवर झोपायचंस.