अडेलेमावशीची हजार मार्कांची नोट

तार्तू, ८ जानेवारी १९९५

ती. सलमेताईस,

हेल्दुरचा सा. न. तू बरी असशीलच असं धरून चालतो, कारण आज मनात भलतंच आहे.

काल तुझ्या भावजयीला, मायरेला, बसमध्ये तुझी शेजारीण भेटली. अडेलेमावशीचं सामान आवरताना तिच्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात तुला हजार मार्कांची जुनी नोट सापडली म्हणे. मावशी नोव्हेंबरात गेली. नाताळात तू दोन दिवस आमच्याकडे राहिलीस, माझ्या टेबलाशी बसून रक्ताचं सॉसेज आणि आंबट कोबी खाल्लास, आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाहीस. पोटात गोष्ट कशी ठेवावी ते तुझ्याकडून शिकावं.

रशियन येण्याआधीच्या आपल्या पहिल्या प्रजासत्ताकाच्या मार्कांच्या नोटांपैकी माझ्याकडे फक्त हजाराची नाही, हे तुला ठाऊक आहे. चोवीस फेब्रुवारीला, स्वातंत्र्यदिनी, आमच्या नोटा-संग्राहक मंडळाचं प्रदर्शन आहे आणि माझ्या काचेखाली नेमकी तीच जागा रिकामी. शेजारच्या टेबलावर वोल्देमार. त्याच्याकडे हजाराच्या दोन आहेत. जाता-येता विचारतो, काय, मिळाली का? मायरे म्हणते, मी त्याच्यावर जळतो. जळतो. खोटं कशाला सांगू?

नोट पाठवून दे. उन्हाळ्यात येऊन तुझ्या सौनाचं छप्पर मी नवं घालून देईन. मात्र तिला फार हाताळू नकोस. तुझे हात कायम लोण्याचे, बाबाही म्हणायचे.

मायरेचा नमस्कार. त्या नोटेवर आहे त्याहून कणभर जास्त माया माझ्यावर असू दे.

तुझा,
हेल्दुर


विल्यांडी, १६ जानेवारी १९९५

चि. हेल्दुर यास,

अ. उ. आ. लोण्याचे हात वाचले. ते लोणी तुमच्याच भाकरीला लागायचं रे.

रविवारी तू आणि बाबा अल्बम घेऊन खिडकीशी बसायचात आणि मी बटाटे सोलत असायची. मी जवळ आले की बाबा एवढंच म्हणायचे, “हात.” मी मागे व्हायची. बाबा गेल्यावर अल्बम तुझ्याकडे गेला, कुणी मला विचारलंसुद्धा नाही. चोवीस वर्षं मी तुझा हेवा करते आहे. तुला नाही असं काहीतरी माझ्याकडे पहिल्यांदाच आलं, म्हणून नाताळात गप्प बसले. कोबीपेक्षा तेच गोड लागत होतं.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. एकोणपन्नासच्या मार्चात गावात रशियनांचे ट्रक आले आणि शेजारच्या घरातली माणसं घेऊन गेले, तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. घरोघर झडती होणार अशी कुजबुज होती. जुन्या प्रजासत्ताकाच्या नोटा सापडल्या तर आपलीही पाळी आली असती, पण बाबांना त्या जाळवेनात. आईने माझ्या करड्या कोटाचं अस्तर उसवलं, संग्रहातल्या सगळ्या अकरा नोटा आत सरकवल्या आणि जाड सुईने, नोटांच्या कडांमधूनच, टाके घातले. म्हणजे त्या घसरायला नकोत. मग कागद वाजतो का ते ऐकायला तिने मला चुलीभोवती तीनदा चालवलं. मी अकरा वर्षांची. दुधाचं कॅन घेऊन सैनिकांसमोरून अडेलेमावशीच्या घरी गेले. एकाने मला थांबवलं. माझी टोपी नीट केली आणि जा म्हणाला.

निवळल्यावर नोटा परत आल्या. बाबा म्हणाले, कुठे बोलायचं नाही. मी बोलले नाही, आणि पुढे तेही कधी बोलले नाहीत.

हजाराची नोट देईन. पण प्रदर्शनात माझ्या त्या अकरा नोटा पहिल्या रांगेत लाव. कडेला सुईची भोकं आहेत, ती झाकू नकोस. मी बघायला येणार आहे.

मायरेला सांग, तिचा आंबट कोबी खरंच छान झाला होता. राग आहे, तशी मायाही आहे. दोन्ही पोचल्याचं कळव.

सलमे


तार्तू, २ फेब्रुवारी १९९५

ती. ताईस,

सा. न. उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहिली आणि फाडली.

ती भोकं मला माहीत होती. मला वाटायचं, कुणा मूर्खाने नोटा भिंतीवर ठोकल्या असतील. आमच्या छंदात भोक पडलं की नोट बाद. शहाणा संग्राहक तशी नोट ठेवत नाही. कोरी मिळाली की ती घेतो आणि बदल्यात भोकाची, वर थोडे पैसे, देऊन टाकतो. बाबा गेल्यावर मीही एकेक बदलत गेलो. दोन रीगाला गेल्या, बऱ्याचशा लेनिनग्राडच्या एका माणसाकडे, आणि शेवटची वोल्देमारकडे, अठ्ठ्याऐंशी साली. अकराच्या अकरा, ताई. माझ्या नोटा कशा करकरीत आहेत म्हणून मंडळात कौतुक होतं, आणि मी फुगत होतो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वोल्देमारकडे गेलो. त्याने ती केव्हाच पुढे देऊन टाकली आहे. कुणाला, ते त्याला आठवतही नाही. ‘वडिलांचा संग्रह’ अशी पाटी छापून आली आहे, आणि त्यात बाबांची एकही नोट नाही.

हजाराची पाठवू नकोस. मागायला मला तोंड नाही.

आणखी एक. खिडकीशी बाबांजवळ मी बसायचो, पण जिवावरचं काम त्यांनी तुझ्यावर सोपवलं. मला त्यांनी जाईपर्यंत एवढं कधी सांगितलंही नाही. वोल्देमारच्या दोन नोटांनी झाली नाही एवढी जळफळ मला तुझ्या त्या कोटाने झाली. हे लिहितानाही होते आहे.

लोभ ठेव असं म्हणायला आज लाज वाटते.

हेल्दुर


विल्यांडी, २० फेब्रुवारी १९९५

चि. हेल्दुर यास,

आशीर्वाद. पत्र वाचून आधी रडले, मग फोनवर माझ्या लेकाला विनाकारण झापलं. माफ केलं असं लिहीत नाही, कारण केलेलं नाही.

तो करडा कोट कधीच फाटून गेला. आता हिरवा आहे. काल त्याचं अस्तर उसवलं, हजाराची नोट आत ठेवली आणि आईने घातले होते तसेच टाके घातले, कडेकडेने, नोटेतून. पहिल्या टाक्याला हात अडला, नंतर नाही अडला. आता ती तुझ्या मंडळाच्या हिशेबी बाद झाली.

गुरुवारी सकाळच्या बसने येते. शुक्रवारी तो कोट घालूनच प्रदर्शनात उभी राहीन. टाके तू उसवायचेस, वोल्देमारच्या टेबलाशेजारी, सगळे बघत असताना.

लोभाचं त्यानंतर बघू.

सलमे