मधूने आई कुणाला म्हणायचं

३ जानेवारी १९४४, सातारा
सांगलीहून जाऊबाईंनी धाडलं — हळद दोन शेर, मधूला लोकरीची टोपी. हमाली दोन आणे. पाच वर्षांच्या पोराचं डोकं न मोजता टोपी अगदी बरोबर बसली!

५ जानेवारी
हे वकिलांकडून आले. चहा घेतला. मग सांगितलं — विलायतेत प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे सगळ्यांत वरच्या कोर्टाचा, निकाल झालाय. जमीन दुसऱ्या वारसाकडे गेलेली असली तरी विधवेला दत्तक घेता येतो, आणि जमीन त्या मुलाकडे परत जाते.
मोठे दीर गेले, मागोमाग त्यांचा नि जाऊबाईंचा एकुलता गोपाळ गेला. तासगावची वतनाची जमीन. बाईकडे जात नाही म्हणून आमच्याकडे आली. आता जाऊबाईंनी कुणालाही मांडीवर घेतलं की ती गेली!
"आपणच मधू देऊ. जमीन घरात राहील."
मला विचारायला नको? — म्हटलं.
"आईची संमती असली तर बरं, म्हणाले वकील. नसली तरी बाप देऊ शकतो."
देवापुढे बसले. जपात मन लागेना.

६ जानेवारी
रंगूबाई भांडी घासता घासता — "आवं बाई, लेकरू म्हंजी बांधावरचं झाड हाय व्हय, जमिनीसंगं द्यायला?"
तिच्यावर ओरडले. उगाच.

१५ जानेवारी
जाऊबाई काल आल्या. दत्तकविधीला माघ शुद्ध पंचमी धरली आहे. ह्यांनी मधूला शिकवलं — "आता काकूंना आई म्हणायचं." गुणी पोर! दिवसभर म्हणत होता. संध्याकाळी माझ्याकडे आला — "मग तुला काय म्हणू?"
"काकू म्हण," ह्यांनीच सांगितलं.
"काकू, पाणी दे."
हे हसले. मी पाणी दिलं. जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच राहिला.

१६ जानेवारी
जाऊबाई सकाळच्या मोटारीने परत गेल्या. आठवडाभर राहणार होत्या! दारात मला एवढंच — "सुहास, गोपाळही पाणी असंच मागायचा गं. आधी आई, मग पाणी."

२२ जानेवारी
जाऊबाईंचं कार्ड. ह्यांनी वाचून चटईवर टाकलं, चपला घालून बाहेर गेले. मी उचललं —
"विट्याच्या मावसबहिणीचा धाकटा दत्तक घेते आहे. त्याच्या आईला मी स्वतः विचारलं. जमीन तुमच्याकडून जाईल, भावजी रागावतील. रागावू देत. मला आई म्हणणारं कुणी हवं होतं, पण तुझ्या तोंडचा घास काढून नको. पंचमीला मधूला घेऊन ये. त्याने मला काकूच म्हणावं. येतेस ना? उलट टपाली कळव."