शनिवारचा भोंगा

केंटकी, २४ एप्रिल

प्रिय हॉलिस,

तुला, रेनाला आणि मुलींना खूप प्रेम. मी बरी आहे. ओढ्याचं पाणी उतरलं, पण पूल वाहून गेल्यामुळे गावात जायला अजून लांबचा वळसा पडतो. चर्चच्या बायका रोज बीन्स आणि मक्याचा पाव आणून देतात. एकटी बाई किती खाणार?

तू विचारलंस, अर्विल काय म्हणतो. काय म्हणणार? (काका म्हणायला आता जीभ वळत नाही.) चाळीस वर्षं आईचा शेजारी, दोन घरांत मिळून एकच तळघर. टोर्नेडो आला तेव्हा तो आत, त्याचा कुत्रा आत, आणि आपली आई बाहेर! आतली कडीसुद्धा नवीकोरी. कधी बसवली विचारलं, तर म्हणे, "हिवाळ्यात, व्हर्लीन. जुनी गंजली होती." मी म्हटलं, "बरा मुहूर्त साधलात!" तर मान खाली घालून उभा राहिला. मनात पाप नसतं तर मान खाली का घातली असती?

सांगतो काय, तर तीनदा हाक मारली, पण आई फोनवर बोलत होती, हातानेच 'तुम्ही जा' म्हणाली. सोयीचंच की! मेलेलं माणूस थोडंच उलट बोलणार आहे?

तुझ्या तक्रारीवरून रविवारी चर्चची मंडळी त्याला डीकनपदावरून काढणार. दुकानात लोक त्याच्याकडे पाठ फिरवतात. घर विकून जाणार म्हणे.

आणि तू शेवटी हे का लिहिलंस, 'आईचा फोन सापडला का?' मलाच का विचारतोस? माझ्यावर संशय आहे का तुझा?

*

संध्याकाळ

सकाळी एवढं लिहिलं, पण पाकीट बंद करवेना.

फोन सापडलाय. गाळ उपसणाऱ्यांनी परवाच आणून दिला, मी तो लपवला. हॉलिस, आईशी बोलत होती ती मीच.

दुपारचे बारा, महिन्याचा पहिला शनिवार. आई म्हणाली, "वादळाचा भोंगा वाजतोय गं, अर्विल हाका मारतोय." माझ्या घरी, तीस मैलांवर, लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, "अगं, पहिला शनिवार ना आज! भोंग्याची दर महिन्याची चाचणी असेल."

"पण आभाळ काळंकुट्ट झालंय."

आभाळ भरलं की चाचणी रद्द करतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण माझं मैत्रिणीच्या, कोलीनच्या लग्नाचं अर्धंच सांगून झालं होतं. मी म्हटलं, "आधी ऐक तर!"

"बरं, सांग," ती म्हणाली.

नंतर नुसती खरखर.

आज दुपारी अर्विलकाकांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते खोकी भरत होते. म्हणाले, "मला माहीत होतं, पोरी. 'व्हर्लीन बोलतेय' असं म्हणतच तिने हात हलवला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी आई तर गेलीच होती. तुलाही कशाला बुडवू?"

रविवारी मी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे. त्याआधी तू तुझी तक्रार मागे घे. मला काय म्हणायचं ते म्हण, मी ऐकेन.

आईने जिचं ऐकलं ती,
व्हर्लीन